राज्यात पहिला नंबर

‘जगात जर्मनी अन् भारतात परभणी’ असं आमच्याकडे छातीठोकपणे म्हणतात. जर्मनीचं मला माहीत नाही, तिकडे कधी जाणं झालं नाही. पण परभणीचं नाव टीव्हीवर झळकत ठेवायचं काम गेली काही वर्षं पेट्रोलनं इमानेइतबारे केलं आहे. राज्यात सगळ्यात महाग पेट्रोल कुठं, तर परभणीत. 2018 च्या सप्टेंबरात लिटरनं नव्वदी ओलांडली तेव्हा पुण्याच्या मेव्हण्याचा फोन आला, “दाजी, तुमचं गाव दाखवतायत!” आवाजात कौतुक होतं. एरवी आमचं गाव दाखवतात ते पाऊस पडला नाही म्हणून, नाहीतर फार पडला म्हणून.

हा मान आम्हाला कष्टाविना मिळालेला नाही. आमचं पेट्रोल येतं मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून. म्हणजे सुमारे 300 किलोमीटर टँकर येणार, त्याचं भाडं आमच्या लिटरवर बसणार. त्या भाड्यावर राज्याचा व्हॅट बसणार. टँकर डिझेलवर चालतो, तेव्हा त्या डिझेलवरचे कर भाड्यात आधीच बसलेले असणार. मी गणिताचा मास्तर आहे, पण हे गणित फळ्यावर मांडायला गेलो की फळा संपतो.

सगळ्यात बहारीचा काळ म्हणजे 2022 चा मार्च-एप्रिल. त्याआधी साडेचार महिने भाव जागचा हलला नव्हता. मधे पाच राज्यांच्या निवडणुका होत्या. हा योगायोग मी वर्गात शिकवत नाही. 10 मार्चला निकाल लागले आणि 22 मार्चपासून पेट्रोल वाढायला लागलं. 16 दिवसांत 14 वेळा, बहुतेक वेळा 80-80 पैशांनी, एकूण 10 रुपये. ज्यानं हा 80 पैशांचा हिशेब शोधला त्याला माझा नमस्कार आहे. एका रात्रीत दहा रुपये वाढले असते तर माणूस चौकात उतरला असता. 80 पैशांसाठी कोण उतरणार? मोर्चा काढायचा म्हटलं तर नुसता बॅनर त्याहून महाग पडतो. शिवाय पैसे ही वस्तू आता फक्त पेट्रोल पंपाच्या पाटीवरच पाहायला मिळते. 25 पैशांचं नाणं सरकारनं 2011 मध्येच बंद केलं. पाटीवर मात्र रुपयापुढं टिंब देऊन दोन आकडे ऐटीत उभे असतात.

तेव्हा रोज सकाळी बोरीला शाळेत जाण्याआधी वसमत रोडवर पंपाची रांग ठरलेली. रांगेत सगळे इंजिन बंद करून, पायानं गाडी रेटत सरकत असतात. कुणीही ‘शंभरचं टाक’ म्हणत नाही. शंभरच्या बटणात काहीतरी गडबड असते, अशी आमची सार्वत्रिक श्रद्धा आहे, म्हणून सगळे ‘एकशे दहाचं’ म्हणतात. हे इतकी वर्षं इतके लोक म्हणत आले आहेत की गडबड करणाऱ्यानं करायचीच ठरवली, तर तो एकशे दहाच्याच बटणात करील. पण हा विचार रांगेत बोलून दाखवायचा नसतो. लोक श्रद्धेच्या बाबतीत हळवे असतात.

माझा नंबर आला.

“झिरो बघा काका.”

मी झिरो बघितला. मागच्यानंही माझा झिरो बघितला. त्याच्या मागच्यानं टाचा उंचावून बघितला. मग लिटरचे आकडे मुंगीच्या पावलानं आणि रुपयांचे आकडे उधळलेल्या बैलासारखे पळायला लागले. एकशे दहा झाले तेव्हा लिटरच्या खान्यात एकसुद्धा पूर्ण भरलेला नव्हता. 6 एप्रिलला मुंबईत भाव 120 रुपये 51 पैसे होता आणि आम्ही 123 च्या वर होतो. मुंबईला मागं टाकायची संधी आम्हाला दुसरीकडं कुठं मिळते?

“नळी झटक ना भाऊ, आत राहिलंय.”

“झटकली काका.”

“अजून एकदा.”

“काका, आता नळी हातात येईल.”

तरी त्यानं झटकली. एक थेंब पडला, टाकीच्या तोंडाच्या बाहेर. तो मी रुमालानं पुसला. तो रुमाल दिवसभर खिशात दरवळत होता आणि वर्गात पोरं माझ्याकडं आदरानं बघत होती, एवढं पेट्रोल अंगावर बाळगणारा माणूस म्हणून.

त्या दिवशी शेकडेवारीचा तास होता. म्हटलं, पुस्तकातली नफा-तोट्याची आंबे विकणारी माणसं राहू द्या, खरं उदाहरण घेऊ. फळ्यावर लिहिलं : केंद्राचं उत्पादन शुल्क लिटरला 27 रुपये 90 पैसे. त्यावर राज्याचा व्हॅट 25 टक्के. हा नुसत्या पेट्रोलवर नाही, तर केंद्राच्या शुल्कासकट सगळ्या रकमेवर. वर राज्याचा लिटरमागं 10 रुपये 12 पैसे अधिभार. पहिल्या बाकावरच्या पोरीनं विचारलं, “सर, म्हणजे करावर कर?” मी म्हटलं, हो. “मग पुस्तकात तर चक्रवाढ पुढच्या धड्यात आहे.” मागून आवाज आला, “सर, 10 रुपये ठीकंय, हे 12 पैसे कशाचे?” मी तासाची घंटा कधी होते याची वाट बघू लागलो.

पैसे कशाचे, हे एका दमात सांगता येईल असं नाहीच. या अधिभाराची कुळकथा मोठी रसाळ आहे. 2015 साली मराठवाड्यात भीषण दुष्काळ होता. दुष्काळग्रस्तांना मदत करायला राज्यानं पेट्रोल-डिझेलवर लिटरला 2 रुपयांचा सेस, म्हणजे जास्तीचा कर, लावला. कल्पना चांगली होती. फक्त दुष्काळग्रस्त आम्हीच होतो. विहिरीनं तळ गाठलेला, बोअर कोरडं, गाडीवर दोन घागरी बांधून पाणी आणायला निघालो की वाटेत पंपावर थांबून दुष्काळग्रस्तांना, म्हणजे आम्हालाच, मदत करायची आणि पुढं जायचं. पुढच्या वर्षी पाऊस झाला. सेस काही वाहून गेला नाही.

2017 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळं महामार्गालगतची दारूची दुकानं बंद झाली. राज्याचं उत्पन्न बुडालं. ते कुठून भरून काढायचं? एप्रिलमध्ये पेट्रोलवरचा अधिभार आणखी 3 रुपयांनी वाढवला. मी माळकरी घरातला माणूस. महामार्गावरच्या ज्या दारूला मी उभ्या जन्मात हात लावला नाही, तिचा तोटा मी महामार्गावरून सरळ गाडी चालवत भरला. कुणी न पिता पैसे दिल्याचं हे उदाहरण विरळाच.

मानवतला माझा चुलतभाऊ आहे, त्याची तर आणखी गंमत. 2021 च्या बजेटात डिझेलवर 4 रुपये कृषी सेस आला, शेतीच्या विकासासाठी. तो ट्रॅक्टरमध्ये डिझेल भरतो, लिटरमागं शेतीच्या विकासाला 4 रुपये देतो आणि ट्रॅक्टर घेऊन त्याच अविकसित शेतात जातो. म्हणाला, “दादा, माझे चार रुपये परत माझ्याच बांधावर येणार म्हण की.” मी म्हटलं, येतील, पण मनमाडवरून येतील.

स्वस्ताईही एकदा आली होती. 20 एप्रिल 2020 ला अमेरिकेत कच्च्या तेलाचा वायदा उणे 37 डॉलरवर गेला. म्हणजे तेल न्या आणि वरून पैसे न्या. तेव्हा लॉकडाऊन होतं. माझी गाडी जिन्याखाली उभी आणि कोपऱ्यावर पोलीस दंडुका घेऊन उभे. आम्ही बाहेर पडेपर्यंत केंद्रानं पेट्रोलवर 10 आणि डिझेलवर 13 रुपये शुल्क वाढवून उणे-अधिकचा हिशेब चुकता केला होता.

कोल्हापूरकरांचं बरं असतं. भाव भडकला की निपाणीकडं जाऊन कर्नाटकातून टाकी भरून येतात. नवापूरवाले गुजरातेत जातात. परभणीहून कुठल्याही दिशेला निघा, परराज्य यायच्या आत टाकी संपते.

2022 च्या 27 एप्रिलला पंतप्रधानांनी राज्यांना व्हॅट कमी करायला सांगितलं, त्यात महाराष्ट्राचं नाव घेऊन. राज्य म्हणालं, आधी आमची जीएसटीची थकबाकी द्या. टपरीवर यावर दोन तट पडले आणि चहा दोन्ही तटांच्या नावे माझ्या खात्यावर पडला.

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी मात्र निर्णय घेऊन टाकला. बॅटरीवरची स्कूटर घेतली आणि पंपावरून जाताना रांगेतल्या आम्हाला हात करायला लागले. असा हात की बघून घ्यावं. त्याच महिन्यात कोळशाच्या टंचाईनं भारनियमन सुरू झालं. एके दिवशी सकाळी सर कोपऱ्यावर हेल्मेट हातात धरून उभे.

“रात्रभर लाइट नव्हती. बोरीपर्यंत सोडता का?”

सोडलं. शाळेच्या फाटकाशी उतरल्यावर त्यांनी वीस रुपये पुढं केले.

“सर, ही मूळ किंमत झाली. कर राहिले,” मी म्हणालो.

त्यांनी आणखी वीस काढले.

“अन् मनमाडचं भाडं?”

“ते एक तारखेला देतो,” म्हणाले आणि हजेरीवर सही करायला माझ्या आधी पळाले.