गांजा सोडल्यानंतरच्या त्रासाचं काय?

'गांजाने चिंता कमी होते आणि दारूसारखी सवयही लागत नाही' हे तुमच्या गांजावरच्या लेखातलं वाक्य फार तर अर्धं खरं आहे. थोड्या मात्रेत टीएचसीने (गांजातल्या नशा आणणाऱ्या घटकाने) जीव हलका वाटतो, पण मात्रा वाढली की त्यानेच छातीत धडधडायला लागतं, माणूस घाबराघुबरा होतो. रोज ओढणाऱ्याने थांबवलं की दोन-तीन दिवसांत चिडचिड, बेचैनी सुरू होते, झोप उडते. म्हणजे पुढचा झुरका बऱ्याचदा आधीच्या झुरक्यांनी आणलेली बेचैनीच शमवत असतो! मानसिक आजारांच्या निदानासाठी डॉक्टर वापरतात त्या डीएसएम-५ या पुस्तिकेत २०१३ पासून सोडल्यावरच्या या त्रासाची रीतसर नोंद आहे.

माझा भाचा स्पर्धा परीक्षेसाठी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचा. गांजा सोडल्यावर आमच्याकडे कोथरूडला आला, तेव्हा ताटातली पोळी तशीच राहायची आणि सकाळी उशीचा अभ्रा घामाने ओला असायचा. मूळची चिंताच उफाळून आली असं समजून तो पुन्हा ओढायच्या बेतात होता. हा त्रास सोडण्याचा आहे, काही आठवड्यांत ओसरतो, असं डॉक्टरांनी समजावलं म्हणून पोरगं टिकलं. एवढी माहिती तरी लेखात जरूर जोडा.