अफू चालते मग गांजाचंच वावडं का?
लेखात म्हटलंय औषधासाठी गांजाला परवानगी दिली की पोरं बिघडणार, अहो पण अफूच्या शेतीचे पट्टे म्हणजे परवाने देणाऱ्या सेंट्रल ब्यूरो ऑफ नार्कोटिक्सचं मुख्य ऑफिस इथे आमच्या ग्वाल्हेरलाच आहे, नीमच-मंदसौरचे शेतकरी लायसनवर अफू पिकवतात, त्यातूनच मॉर्फिन बनतं आणि कॅन्सरच्या पेशंटला लागतंच की ते. १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्यात गांजाच्या झाडाचे फुलांचे शेंडे म्हणजे गुन्हा पण नुसती पानं चालतात, म्हणून तर होळीला भांग बिनधास्त 😄 २०२० मधे युनोत गांजाला सगळ्यात कडक यादीतून काढायला भारतानंही मत दिलंच ना?? फक्त 'कॅन्सर बरा होतो' म्हणत गांजाचं तेल विकणाऱ्यांना आधी धरा, औषध म्हणून पुरावा आहे तो लहान मुलांच्या काही ठराविक फिट्सवर आणि केमोच्या उलट्यांवर, बाकी बरंचसं हवेतच आहे.