दोर तुटत नाहीच हो! (एका प्रतिक्रियेला उत्तर)

पावसाळ्यापूर्वीच्या झाडछाटणीवर मागे लिहिलं होतं. त्याखाली ‘जुना भिडू’ या नावाने एक खरमरीत प्रतिक्रिया आली. तिचा मथितार्थ असा: वीस वर्षं सह्याद्रीत बोलाइन (दोराच्या टोकाला न आवळणारा फास करायची गाठ) बांधतोय, एकदाही सुटली नाही. २२ किलोन्यूटनचा दोर म्हणजे सव्वादोन टन, सत्तर किलोच्या माणसाने तो तुटेल कसा? गाठीमुळे दोराची ताकद अर्धी होते हे कुठून आणलंत? आणि नारळ उतरवणारे कुठल्या गाठी शिकून येतात? उगाच लोकांना घाबरवू नका.

नाव भिडू असलं तरी वयाने मोठे दिसता, म्हणून अहो-जाहोच करतो.

नारळवाल्यांचं आधी उरकतो. ते पायात दोराचा फास अडकवून चढतात, तो पकड मिळावी म्हणून. हात सुटला तर त्यांना झेलणारं वर काहीच नसतं. तिथे गाठीचा प्रश्नच येत नाही, हे काही त्या पद्धतीचं कौतुक नाही.

आता दोर. तो तुटणार नाही, यात तुमचं-माझं एकमत आहे. मी लिहीत होतो ते दोर न तुटता माणसाचं काय होतं त्याबद्दल. गेल्या मे महिन्यात आमच्या सोसायटीत विलायती शिरिषाची छाटणी चालली होती. कंत्राटदाराचा पोरगा वर, अंगात हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचा सुरक्षा पट्टा), म्हणून खाली सगळे निर्धास्त. सेक्रेटरी फोटो काढत होते. मी पाहिलं तर दोर एका बेचक्याला बांधलेला आणि पोरगा काम करत करत त्याच्याही दीड मीटर वर जाऊन उभा. त्या वेळी तो घसरला असता तर आधी बेचक्यापर्यंत दीड मीटर, मग तेवढाच खाली, म्हणजे दीड मीटर दोरावर तीन मीटर पडला असता. याला फॉल फॅक्टर २ (पडण्याचं अंतर भागिले दोराची लांबी) म्हणतात, हे तुम्हाला सांगायला नको.

पण डोंगरावर तुम्ही लीडला, म्हणजे सगळ्यांच्या पुढे चढताना, डायनॅमिक रोप वापरता. तो ताणतो आणि झटका खातो. झाडावरचा दोर मुद्दाम कमी ताणणारा असतो, नाहीतर वर चढताना माणूस यो-योसारखा हिंदकळत राहील. शंभर किलोला ३ टक्के ताणणारा दोर धरून मी वहीवर हिशोब केला. सत्तर किलोचा माणूस, फॅक्टर २, झटका येतो साधारण १० किलोन्यूटन. फॅक्टर १ ला साडेसात. गाठ आवळली जाते, हार्नेस थोडं घेतं, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा उतरेल, पण उंचीवरच्या कामात शरीरावर ६ किलोन्यूटनच्या वर झटका येऊ नये असं धरतात. सव्वादोन टनांचा दोर शाबूत राहील आणि पोराची कंबर जाईल.

यातली फसवी गोष्ट अशी की हिशोबात पडण्याची उंची एकटी येतच नाही, उंची आणि दोराची लांबी यांचं गुणोत्तर येतं. एक मीटर दोरावर एक मीटर आणि दहा मीटर दोरावर दहा मीटर, झटका तेवढाच. म्हणून ‘एवढंसं तर पडेल’ असं बेचक्याजवळ उभं राहून म्हणू नये. त्या पोराला मी खालून ओरडून दोर वरच्या फांदीवर घ्यायला लावला. तो वैतागला, पण घेतला.

फांदीचंही बघा. दोर फांदीवरून टाकून दुसरं टोक खाली बुंध्याला बांधलं, तर लटकलेल्या माणसाच्या जवळपास दुप्पट भार त्या फांदीवर येतो, कारण दोन्ही बाजू ओढतात. दोन्ही बाजू माणसाकडेच असतील तर फक्त त्याचं वजन. गुलमोहरासारख्या ठिसूळ झाडावर हा फरक दोराच्या किलोन्यूटनपेक्षा महत्त्वाचा ठरतो.

राहिली तुमची लाडकी बोलाइन. ती कमजोर नाही, पण तिला सतत भार लागतो. छाटणी करणारा दोरावर बसतो, फांदीवर उभा राहतो, पुन्हा बसतो, दिवसभर हेच. दर वेळी ढील पडते आणि नवा, कडक दोर गाठीतून जरा सैलावतो. मी घरी गॅलरीच्या ग्रिलला ११ मिलिमीटरच्या नव्या दोराची बोलाइन बांधली, नीट बसवून, वीतभर टोक सोडून. मग बहिणीशी फोनवर बोलता बोलता सैल दोर नुसता हलवत राहिलो. तिचा फोन कधी आटोपत नाही. तो संपला तेव्हा टोक चार बोटं उरलं होतं आणि गाठीत करंगळी जात होती. भार एका क्षणालाही दिला नव्हता. तुमची वीस वर्षं सुटली नाही याचं कारण, मला वाटतं, तुम्ही टोकाला जास्तीची गाठ मारत असणार आणि ती सवय इतकी अंगवळणी पडलीय की मोजायचं विसरलात.

झाडावर म्हणूनच कॅरॅबिनरला (दोर अडकवायची, उघडमीट होणारी धातूची कडी) स्कॅफोल्ड नॉट मारतात. ती ओढली की कॅरॅबिनरलाच आवळून बसते, ढील पडली तरी सुटत नाही. आणि ब्लेक्स हिच, जी सरकवत वर-खाली होता येतं: चार वेढे, मग टोक दोरामागून नेऊन खालच्या दोन वेढ्यांखालून बाहेर. टोक चुकीच्या वेढ्यातून काढलं तर जमिनीवर ती बरोबरच वाटते. शिवाय शेवटी फिगर ऑफ एटचा (इंग्रजी आठच्या आकाराच्या गाठीचा) स्टॉपर, म्हणजे टोक निसटू न देणारी गाठ, हवाच, कारण ही गाठ आपलं टोक हळूहळू गिळते.

ताकद ‘अर्धी’ होते हे मात्र मी चुकीचं लिहिलं होतं. नीट बांधलेली फिगर ऑफ एट साधारण पाऊण ताकद राखते, बोलाइन त्याहून थोडी कमी. युरोपियन मानकात या दोरांना गाठीशिवाय २२ आणि टोकांना एटच्या गाठी मारून १५ किलोन्यूटन पेलावे लागतात, यावरूनच माझं वाक्य पडतं. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे, खाली तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेखही आहे.