उजवा डोळा लवणे

चौदा वर्षांच्या गाडीला निळसर पांढरे डोळे बसवावेत का, हा प्रश्न मला कोणी वेळेवर विचारला असता, तर मी निदान एक दिवस विचार केला असता. परंतु गेल्या पावसाळ्यात साताऱ्याला जाताना, खंबाटकी घाट चढत असताना, माझ्या हॅलोजन दिव्यांचा पिवळट उजेड देवघरातल्या समईएवढा वाटू लागला आणि मागून येणाऱ्या गाडीच्या झोतात मला पुढचा रस्ता अधिक स्पष्ट दिसला. हा अपमान मनाला लागला.

पुढच्याच आठवड्यात मी झेनॉन दिवे घेण्यासाठी नाना पेठेत एका दुकानासमोर उभा होतो. दुकानदार म्हणाला, ‘‘साहेब, आठ हजार केल्विन घ्या, नजर ठरणार नाही.’’ केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचे माप आहे, त्याच्या जोराचे नव्हे, आणि ४३०० च्या पुढे जावे तसतसा उजेड निळा होत जातो व उपयोगाला कमी पडतो, हे मला नंतर कळले. नजर ठरणार नाही हे भाकीत मात्र शब्दशः खरे ठरले. फक्त ती नजर दुसऱ्यांची होती. फिटरने दीड तासात काम उरकले आणि काळ्या जाड वायरींचे एक भेंडोळे माझ्या हाती देत सांगितले, ‘‘हे जादा आहे, लागत नाही.’’ पैसे देऊन घेतलेली वस्तू टाकवत नाही, म्हणून मी ते माळ्यावर ठेवले.

चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी उजवा दिवा दोनदा लुकलुकला आणि विझला. पुरुषाचा उजवा डोळा लवणे शुभ मानतात. पुरुषाच्या गाडीविषयी शास्त्र काही सांगत नाही. मी बटण बंद करून पुन्हा लावले, मग पुन्हा, आणि तिसऱ्या खेपेला तो पेटला. तेव्हापासून हा नित्याचा विधी झाला. केवळ डावा दिवा पेटलेली गाडी समोरून पाहणाऱ्याला रस्त्याच्या कडेने निघालेली मोटारसायकल वाटते आणि तो निर्धास्तपणे आपल्या बाजूला सरकतो, हे एका ट्रकने मला फार जवळून समजावून दिले.

मग मी संशोधनाला लागलो. शहाणा माणूस आधी दोन्ही बल्बांची अदलाबदल करून पाहतो आणि दोष बल्बाबरोबर डावीकडे गेला तरच नवा घेतो. मी आधी नवा बल्ब घेतला, मग नवा बॅलास्ट, म्हणजे दिवा पेटवायला लागणारे जादा व्होल्टेज तयार करणारी डबी घेतली, आणि त्यानंतर अदलाबदल केली. दोष जागचा हलला नाही. सारी नोकरी बँकेत गेल्यामुळे मी एक वही घातली आणि तीत तारीख, वेळ, इंजिन, वायपर व एसी असे रकाने आखले. रक्तदाबाची नोंद इतक्या निष्ठेने ठेवली असती तर डॉक्टर खूश झाले असते, असे सौभाग्यवतींचे मत पडले. तरी वहीतून एक गोष्ट निघाली: इंजिन बंद असताना उजवा दिवा कधीच पेटत नव्हता, आणि इंजिन चालू असून वायपर व एसी लावले की त्याची मर्जी फिरत होती.

अखेर आमच्या भागातल्या एका वयस्क वायरिंगवाल्या मिस्त्रींना शरण गेलो. त्यांनी वही आदराने चाळली, तिच्यावर चहाचा ग्लास ठेवला आणि मीटर काढला. या दिव्यात तार नसते. झेनॉन वायूतून ठिणगी उडवण्यासाठी बॅलास्टला क्षणभर सुमारे २३,००० व्होल्ट निर्माण करावे लागतात, आणि एकदा पेटल्यावर मात्र ८५ व्होल्ट व ३५ वॉटवर भागते. म्हणजे पहिल्या वाढीलाच पंचवीस लाडू मागणारा आणि नंतर ताकावर समाधान मानणारा हा पाहुणा. बॅटरीवर १२.४ व्होल्ट असताना दिवा लावण्याच्या क्षणी उजव्या बॅलास्टपाशी ९ देखील पोहोचत नव्हते, कारण सारा सप्लाय गाडीच्या बटणातून फिरून जुन्या बारीक वायरीने तिथवर येत होता. त्यातून अर्थिंगचा, म्हणजे करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परतवणारा, स्क्रू रंगावरच आवळलेला होता. ‘‘रंगातून करंट जातो का हो, साहेब?’’ मिस्त्रींनी विचारले. तो स्क्रू मी लावलेला नसूनही मी खाली मान घातली.

‘‘याच्याबरोबर रिलेचे जाड वायरिंग येते, ते कुठे आहे?’’ हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. ते माळ्यावर नव्हते. घरी शोध घेतल्यावर त्या वायरींनी रद्दीचा गठ्ठा बांधलेला आढळला.

मिस्त्रींनी ते थेट बॅटरीपासून फ्यूज व रिले, म्हणजे थोड्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट सोडणारे बटण, यांमार्गे जोडले. पूर्वी ज्या वायरीने हंडे वाहायचे, तिने आता फक्त नळ सोडायला सांगायचे, अशी ही व्यवस्था. पत्रा घासून चकचकीत केलेल्या जागी अर्थिंग बसले आणि दोन्ही दिवे पहिल्या हाकेला पेटले.

माझा आनंद कर्वे रस्त्यापर्यंत टिकला. समोरचे प्रत्येक वाहन मला अप्पर मारू लागले. हॅलोजनच्या बारीक तारेसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये ही ठिणगी ठेवली की प्रकाश नेमका रस्त्यावर न पडता चहूकडे उधळतो. सिग्नलला एका स्कूटरवाल्या तरुणाने डोळ्यांवर हात धरून विचारले, ‘‘काका, ऑपरेशन थिएटर घेऊन कुठे निघालात?’’ घरी आल्यावर मी मोटार वाहन कायदा, १९८८ उघडला. गाडीत मनाजोगते बदल करण्याविषयी कलम ५२ काय म्हणते ते वाचून मी दुसऱ्या दिवशी पुन्हा मिस्त्रींच्या दारात गेलो.

त्यांनी जुने हॅलोजन बल्ब परत बसवले. रिलेचे वायरिंग मात्र तसेच राहू दिले. संध्याकाळी बटण दाबले तर समोरची भिंत लख्ख उजळली. मी चकित होऊन त्यांच्याकडे पाहिले. ‘‘यांनाही सप्लाय पुरत नव्हता,’’ मिस्त्री हात पुसत म्हणाले. व्होल्टेज दहा टक्के उतरले की हॅलोजनचा उजेड जवळजवळ तीस टक्के उतरतो, हा हिशेब त्यांनी मला माझ्याच वहीच्या शेवटच्या पानावर करून दाखवला.

निळ्या डोळ्यांची पेटी माळ्यावर गेली. रद्दी आता आम्ही सुतळीने बांधतो.