तांब्याचा हंडा आणि आठ खणांचा नियम

पुढच्या आठवड्यात माझ्या भाचीची बँकेतल्या नोकरीसाठी मुलाखत आहे. परवा सराव म्हणून तिला म्हटलं, तुमच्या घराचं इंग्रजीतून वर्णन कर. चार वाक्यं नीट झाली. मग आजीच्या स्वयंपाकघरातल्या हंड्यापाशी आली, ‘वी हॅव अ...’ म्हणाली आणि थांबली. बोटांवर मोजत तोंडातल्या तोंडात ‘मत, आकारमान, वय, आकार, रंग’ असं पुटपुटायला लागली. मुलगी अभ्यासू आहे, एरवी माझ्याशी बऱ्यापैकी इंग्रजी बोलते. काय झालं विचारलं, तर तिनं मोबाइल पुढे केला. ‘मावशी, हे वाच. मराठी मीडियमवाल्यांना हे जमतच नाही म्हणे.’

वाचलं. ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ अशी खूण असलेला तो मेसेज पाच गोष्टी ठासून सांगतो. एक, इंग्रजीत विशेषण नेहमी नामाच्या आधीच येतं. दोन, विशेषणं जास्त असली तर मत, आकारमान, वय, आकार, रंग, मूळ ठिकाण, पदार्थ, उपयोग या आठ खणांचा हाच क्रम लागतो आणि एक शब्द हलला तरी ऐकणारा तुम्हाला वेड्यात काढतो. तीन, मराठीत असा क्रम नसतोच, म्हणून मराठी माध्यमाची मुलं इथे जन्मभर मार खातात. चार, दोन नामं शेजारी आली की पहिल्याचं विशेषण होतं आणि त्याचं अनेकवचन कधीच होत नाही. पाच, तीनशे विशेषणं पाठ करा, हव्या त्या नामाला लावा, इंग्रजी आलंच. खाली कुठल्याशा क्लासची जाहिरात.

तिसऱ्यापासून सुरू करते, कारण पोरीचं तोंड बंद केलंय ते त्यानं.

मराठीत क्रम नसतो? ‘माझी नवी काळी कोल्हापुरी चप्पल’ असं मोठ्यानं म्हणा. आता ‘माझी कोल्हापुरी काळी नवी चप्पल’ म्हणून बघा. दुसरं कानाला लगेच खटकतं. ‘छान मोठं जुनं सागवानी कपाट’ म्हणा आणि मग ‘सागवानी जुनं मोठं छान कपाट’. चौथीतलं पोरसुद्धा सांगेल यातलं कुठलं बरोबर. मत आधी, मग आकारमान, मग वय, आणि लाकूड कपाटाला चिकटून. हे त्याला शाळेत कुणी शिकवलेलं नसतं. आता तेच इंग्रजीत घ्या: ‘नाइस बिग ओल्ड टीक कबर्ड’. शब्दामागे शब्द तसाच्या तसा! जो क्रम या मुलांच्या जिभेवर आईच्या भाषेतून आधीच बसलेला आहे, तोच त्यांना कधी येणार नाही असं सांगून त्यांच्याकडून फी उकळायची, हे मला सहन होत नाही.

आणि विशेषणांचं अवघड काम मराठीतच जास्त आहे. नवा हंडा, नवी चप्पल, नवं कपाट, नव्या चपला, नव्या हंड्यात. त्यात ‘लाल’ किंवा ‘सुंदर’ मात्र बदलत नाही, हेही लक्षात ठेवायचं. इंग्रजीत ‘न्यू’ सगळीकडे ‘न्यू’. लिंग, वचन, विभक्ती सांभाळत जो विशेषण वापरतो, त्याला ‘बिग’ आणि ‘ओल्ड’ची भीती घालायची?

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल, आणि ती त्या मेसेजमध्ये नाहीच. पदार्थ सांगताना आपण पुष्कळदा ‘-चा, -ची, -चं’ लावतो आणि मग क्रम सैल होतो. ‘मोठा तांब्याचा हंडा’ चालतं, ‘तांब्याचा मोठा हंडा’ तर त्याहून सहज येतं. ‘कॉटनची निळी साडी’ आपण रोज म्हणतो. ते जसंच्या तसं उचललं की ‘कॉपर बिग पॉट’, ‘कॉटन ब्लू सारी’ होतं आणि ते इंग्रजीत खरोखर चुकतं. तिथे पदार्थाचं नाव नामाला चिकटूनच हवं: ‘बिग कॉपर पॉट’, ‘ब्लू कॉटन सारी’. मराठी मुलांची अडचण आहे ती एवढीच. ती सांगायला पाच मिनिटं लागतात, आठ खणांची गरज नाही.

आता तो आठ खणांचा क्रम. तो कुणी हवेतून काढलेला नाही. मार्क फोर्साइथ या ब्रिटिश लेखकानं २०१३ साली भाषेच्या अलंकारांवरच्या पुस्तकात एका सुरीला आठ विशेषणं लावून तो मांडला. २०१६ मध्ये तो परिच्छेद ट्विटरवरून जगभर फिरला. ‘वेड्यात काढतील’ हेही मूळ तिथलंच. पण ते वाचकाची करमणूक करत लिहिलेलं पुस्तक होतं. रॉडनी हडलस्टन आणि जेफ्री पुलम यांचं केंब्रिजनं २००२ साली काढलेलं इंग्रजी व्याकरण अठराशेच्या वर पानांचं आहे. मी कशावर विसंबत असेन तर त्यावर. तेही क्रम देतं. पण मोडता न येणारे नियम आणि अर्थाप्रमाणे हलणारे संकेत असे दोन भाग ते करतं, आणि आकारमान-रंगाचा क्रम दुसऱ्या भागात टाकतं. एरवी ‘लार्ज ब्लॅक सोफा’च. पण मोठ्या सोफ्यांबद्दलच बोलणं चाललं असेल आणि त्यातला काळा हवा असेल, तर ‘ब्लॅक’वर जोर देऊन ‘ब्लॅक लार्ज सोफा’ म्हणता येतं. आणि लहान मुलांच्या गोष्टीतला ‘बिग बॅड वुल्फ’? ‘बॅड’ हे मत, ‘बिग’ हे आकारमान. खणांप्रमाणे ‘बॅड बिग वुल्फ’ व्हायला हवं होतं. कुणी म्हणत नाही, आणि त्या लांडग्याची गोष्ट सांगणाऱ्याला कुणी वेड्यात काढलेलं नाही. शिवाय एका नामाला आठ विशेषणं लावून बोलतं कोण? दोन, फार तर तीन. तेवढ्यासाठी बोटं मोजावी लागत नाहीत.

पहिला दावा तर आपल्या इतिहासाच्या पुस्तकातच खोटा ठरतो. ‘गव्हर्नर जनरल’मध्ये नाम ‘गव्हर्नर’ आणि विशेषण ‘जनरल’, तेही मागून. ‘कोर्ट मार्शल’ तसंच. नॉर्मन राजवटीनंतर इंग्लंडच्या दरबारात आणि कचेरीत फ्रेंचचा वावर होता, त्याच्या या खुणा. ‘समथिंग न्यू’ तर रोजच्या बोलण्यातलं. आणि झोपलेल्या बाळाला ‘अस्लीप बेबी’ म्हणत नाहीत. ‘द बेबी इज अस्लीप’ म्हणा, नाहीतर ‘स्लीपिंग बेबी’.

चौथ्यात अर्धं खरं आहे. ‘शू शॉप’, ‘टूथब्रश’, ‘टेन-रुपी नोट’ इथे पहिलं नाम एकवचनीच राहतं, आणि बहुतेक वेळा असंच होतं. पण ‘कधीच नाही’? ‘सेव्हिंग्ज अकाउंट’ बँकेतच आहे, ‘स्पोर्ट्स डे’ शाळेत. आणि त्याचं विशेषण होतं हेही चूक. ‘व्हेरी ओल्ड वॉल’ म्हणता येतं, ‘व्हेरी स्टोन वॉल’ म्हणता येत नाही. ‘स्टोन’ नाम होतं, नामच राहिलं.

पाचवा दावा वरवर निरुपद्रवी वाटतो, पण त्यात पोरं सहा-सहा महिने घालवतात. आपला ‘कडक’ हा एकच शब्द घ्या. चहा कडक असला तर ‘स्ट्राँग’, शिक्षक कडक असले तर ‘स्ट्रिक्ट’, नोट कोरी कडक असली तर ‘क्रिस्प’, भाकरी कडक झाली तर ‘हार्ड’. ‘स्ट्राँग टीचर’ म्हटलंत तर अर्थच बदलला. पाऊस ‘हेवी’, वारा ‘स्ट्राँग’, ताप ‘हाय’. ‘बिग रेन’ आठ खणांच्या नियमात नीट बसतं आणि तरी ते इंग्रजी नाही. भाषाशास्त्रज्ञ हॅलिडे यांनी १९६६ मध्ये हेच चहावरून दाखवलं होतं: ‘स्ट्राँग टी’ म्हणतात, ‘पॉवरफुल टी’ नाही, आणि गाडीला मात्र ‘पॉवरफुल’ लागतं. त्यांचे गुरू जे. आर. फर्थ यांनी लाहोरला इंग्रजी शिकवलं होतं. शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून, हे त्यांचं म्हणणं १९५७ चं. सुटी तीनशे विशेषणं पाठ करून ही संगत कळत नाही. ‘हेवी’ पाठ करायचं तर ‘हेवी रेन’, ‘हेवी ट्रॅफिक’ असं जोडीनं करा.

भाचीला तो मेसेज काढून टाकायला लावला. वहीच्या एका पानावर ‘कडक’ लिहून दिलं आणि सांगितलं, पुढे काय काय येतं ते लिही, मग एकेकाचं इंग्रजी शोध. संध्याकाळपर्यंत अकरा जोड्या झाल्या. ‘कडक ऊन’ला तिनं ‘स्ट्राँग सन’ लिहिलंय, मी ‘हार्श सन’ म्हणतेय. दोन्ही चालतात. हंड्याचं वाक्यही तिनं पुरं केलं: ‘वी हॅव अ बिग ओल्ड कॉपर पॉट.’ न मोजता.