थेट जोडल्यावर चालतं, म्हणून केव्हीएम स्विच बाद ठरत नाही

केव्हीएम स्विच नावाच्या पेटीतून एकाच कीबोर्ड, माउस आणि मॉनिटरवर दोन-चार कॉम्प्युटर आलटून-पालटून चालवणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरतो: ‘माउस आणि मॉनिटर थेट कॉम्प्युटरला लावून बघा. तिथे चालले आणि केव्हीएम स्विचमधून चालले नाहीत, तर स्विच बाद. नवा घ्या, केबल महागातली घ्या, ड्रायव्हर पुन्हा टाका.’ हे ऐकून धडधाकट स्विच भंगारात जातात आणि नव्यावरही तोच त्रास होतो. म्हणून एकेक मुद्दा तपासू.

‘थेट चालतं, म्हणजे दोष स्विचचाच.’ थेट जोडलेला मॉनिटर कॉम्प्युटरला कायम दिसत असतो. मॉनिटरमध्ये ईडीआयडी नावाची माहिती साठवलेली असते. तिचा मूळ भाग जेमतेम १२८ बाइटांचा, पण कोणतं रिझोल्यूशन आणि किती रिफ्रेश रेट (चित्र सेकंदाला किती वेळा ताजं होतं तो वेग) चालेल हे कॉम्प्युटरला त्यातूनच कळतं. साध्या स्विचवर तुम्ही दुसऱ्या कॉम्प्युटरकडे वळलात की पहिल्याच्या लेखी मॉनिटरची वायर निघालेली असते. मग तो उघड्या विंडो दुसऱ्या स्क्रीनवर नेतो, परत आल्यावर भलतंच रिझोल्यूशन देतो. स्विच दुसरीकडे असताना तो कॉम्प्युटर सुरू केलात तर कधीकधी नंतर चित्रच येत नाही. यात स्विच बिघडलेला नसतो. ईडीआयडी धरून ठेवायची सोय त्यात मुळातच नसते. ती सोय असलेला स्विच किंवा मध्ये लावायचा ईडीआयडी एम्युलेटर (मॉनिटर कायम जोडलेला आहे असं भासवणारा छोटा तुकडा) हा खरा इलाज. तोवर जो कॉम्प्युटर सुरू करायचा, त्याच्याकडे स्विच आधी वळवा.

‘माउस उड्या मारतो, म्हणजे माउस नाहीतर स्विच गेला.’ इथे तर निदान सपशेल चुकतं. जुन्या पीएस-२ जोडणीवर साधा माउस प्रत्येक हालचाल ३ बाइटांत कळवतो, चाकवाला ४ बाइटांत. हा ४ बाइटांचा करार सुरुवातीला एकदाच ठरतो. स्विच करताना माउस रीसेट झाला तर तो पुन्हा ३ बाइट पाठवू लागतो, ड्रायव्हर मात्र ४ मोजत राहतो. हिशेब सरकतो, पॉइंटर कोपऱ्यात पळतो, क्लिक आपोआप होतात. माउसचा ड्रायव्हर नव्याने लोड करा किंवा कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, बस्स.

यूएसबीत कारणं वेगळी. बऱ्याच स्विचमध्ये कीबोर्ड-माउससाठी एम्युलेशनचे राखीव पोर्ट असतात, म्हणजे खऱ्या माउसऐवजी स्विचच कॉम्प्युटरला माउस असल्याचं भासवतो. कॉम्प्युटरला तिथे एक साधा माउस दिसतो, त्यामुळे बाजूची जादा बटणं मुकी होतात. असा माउस त्याच स्विचच्या साध्या यूएसबी पोर्टमध्ये लावून बघा. दर वेळी ओळख पटायला क्षण-दोन क्षण लागतील, पण बटणं चालतील. कीबोर्ड मात्र राखीव पोर्टमध्येच ठेवा, नाहीतर एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर जायच्या हॉटकी (कीबोर्डवरची ठरावीक बटणं) चालणार नाहीत. वायरलेस माउस अडखळत असेल तर त्याचा रिसीव्हर यूएसबी ३.० पोर्टच्या शेजारी आहे का ते पाहा. त्या पोर्टचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात शिरतो, हे इंटेलनेच २०१२ मध्ये मांडलं आहे. छोट्या एक्स्टेंशन केबलने रिसीव्हर दूर नेला की पुष्कळदा काम होतं.

‘महागडी केबल घ्या.’ किमतीपेक्षा क्षमता आणि लांबी बघा. ४के चित्र ६० हर्ट्‌झवर पूर्ण रंगांसह हवं तर एचडीएमआय २.० ची सेकंदाला १८ गिगाबिट क्षमता लागते; १.४ चा स्विच १०.२ वर थांबतो आणि ४के ३० हर्ट्‌झवरच देतो. सोन्याचा मुलामा दिलेली केबल त्याला पुढे नेऊ शकत नाही. शिवाय स्विच आला की एका केबलच्या जागी दोन होतात, आणि सिग्नल नव्याने उभा न करणाऱ्या स्विचमध्ये त्यांची लांबी बेरजेने मोजावी लागते. स्क्रीन मधूनमधून काळी होत असेल तर १०८०पी, ६० हर्ट्‌झ लावून बघा. त्रास थांबला, तर अडचण क्षमतेची किंवा लांबीची.

‘ड्रायव्हर पुन्हा टाका.’ यूएसबी कीबोर्ड-माउसचे ड्रायव्हर ऑपरेटिंग सिस्टिममध्येच असतात. इथे वेळ घालवू नका.

स्विच कधीच बिघडत नाही असं नाही. त्याची परीक्षा अशी: चालणारा कॉम्प्युटर त्याच्या केबलांसकट संशयित पोर्टवर हलवा. तिथे त्यालाही तोच त्रास झाला, म्हणजे दोष त्या पोर्टलाच चिकटून राहिला, तर पोर्ट गेला. सगळ्याच पोर्टांवर माउस मधूनच तुटत असेल तर आधी स्विचचा स्वतंत्र पॉवर अडॅप्टर जोडा. यूएसबी २.० चा एक पोर्ट ५०० मिलिअँपिअरपर्यंतच वीज देतो, आणि तेवढ्यात स्विच, कीबोर्ड, माउस सगळ्यांचं भागेलच असं नाही.