'कुंकू'मधलं घड्याळ: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

व्ही. शांतारामांच्या 'कुंकू' या चित्रपटावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. चार ओळींत उत्तर देणं मला जमेना, म्हणून हा स्वतंत्र लेख. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं, की मराठी चित्रपटाचा सुवर्णकाळ वगैरे शब्द म्हणजे निव्वळ स्मरणरंजन. तुम्ही मोबाइलवर 'कुंकू' लावलात आणि चाळीस मिनिटांत बंद केलात, कारण अभिनय नाटकी वाटला आणि गती बैलगाडीची. शेवट तुम्हाला ठाऊक होता. त्यात सहानुभूती म्हाताऱ्या नवऱ्यालाच मिळते, मग हा चित्रपट पुरोगामी कसा? आणि जुन्या नटनट्यांच्या आरत्या ओवाळणारे आम्ही लोक त्यांनी काय सोसलं ते सांगत नाही. सगळ्यात शेवटी तुम्ही विचारलंत, की लेखात मी आजीचा ओझरता उल्लेख केला होता, तर तिला हा चित्रपट पाहून काय वाटलं होतं?

आधी स्मरणरंजनाबद्दल. 'कुंकू' १९३७चा. तेव्हा माझ्या आईचाही जन्म झाला नव्हता. ज्याची आठवणच नाही त्यात मी रमणार कशी? मी तो पहिल्यांदा पाहिला कॉलेजात असताना, पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात. मैत्रिणीने ओढून नेलं होतं आणि कंटाळा येणार हे मी धरूनच चालले होते. अर्ध्या तासाने लक्षात आलं की आपण पुढे झुकून बसलोय, आणि पाहण्यापेक्षा जास्त ऐकतोय.

कारण या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. पडद्यावरची माणसं गप्प झाली की आपण नकळत व्हायोलिनची वाट बघतो. आता काय वाटून घ्यायचं ते सांगायला कुणीतरी येईल म्हणून. इथे कुणी येत नाही. केशवराव भोळ्यांसारखा संगीतकार हाताशी असताना शांतारामबापूंनी हे ठरवून केलं. ऐकू येतात ते घराचे आवाज. गाणी आहेत, पण ती त्या जागी, त्या क्षणी कुणीतरी म्हणतंय म्हणून आहेत. नायिका नीरा चक्क लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते. 'मन सुद्ध तुझं गोस्त हाये पृथ्वी मोलाची' रस्त्यावरचा एक गाणारा म्हणतो. आणि या सगळ्याखाली भिंतीवरच्या घड्याळाचं टिकटिक. 'कुंकू' काढणाऱ्या प्रभात कंपनीने पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' केला १९३२ साली. म्हणजे चित्रपट बोलायला लागून पाच वर्षं होत होती, तोवर यांनी त्याला गप्प बसायलाही शिकवलं. हे मला थोर वाटतं, आणि ते जुनं आहे म्हणून नव्हे. आजही कुणी करून दाखवलं तर तितकंच थोर वाटेल.

इथे तुमच्या मोबाइलचा प्रश्न येतो. नेटवर फिरणाऱ्या कित्येक प्रतींमध्ये आवाज खरखरतो आणि चेहऱ्यांवर पांढरं साचलेलं असतं. ज्या चित्रपटाचा अर्धा अर्थ बारीक आवाजांत आहे तो लोकलच्या गर्दीत पाहिला तर बैलगाडीसारखा वाटणारच. यात तुमचा दोष नाही. पण तो चित्रपटाचाही नाही.

आता नाटकीपणा. या मुद्द्यावर मी तुमच्याशी भांडणार आहे.

म्हाताऱ्या नवऱ्याची, म्हणजे काकासाहेबांची, भूमिका केशवराव दात्यांची. ते रंगभूमीवरचे नट, हे खरंच. पण कुठल्या रंगभूमीवरचे? १९३३ साली 'नाट्यमन्वंतर' या नाट्यसंस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक आणलं, ते मराठी नाटकातला पल्लेदार आवेश आणि पुरुषांनी स्त्रीपार्टी करण्याची रीत मोडायला निघालेल्या मंडळींनी. दाते त्यांच्यात होते, भोळेही होते. तेव्हा दाते नाटकी कमी कसं व्हायचं याचा विचार करूनच स्टुडिओत आलेले होते.

मग काकासाहेब तुम्हाला नाटकी का वाटले? कारण काकासाहेब स्वतःच नाटक करत असतात. हा वकील माणूस, बायको वारलेली, मुलं मोठी, आणि आता मुलीच्या वयाची बायको करून आणलेली. आपण अजून तरुण आहोत हे त्याला तिला पटवायचंय, त्याहून जास्त स्वतःला. मिशांना कलप लावताना तो आरशासमोर उभा राहतो ते दृश्य पुन्हा बघा. दाते ते हशा काढायला करत नाहीत. तो माणूस आरशातल्या माणसाची मनधरणी करतो आहे. शेजारी शांता आपट्यांची नीरा बघा. ती सरळ बघते, सरळ बोलते, मानेला झोकासुद्धा देत नाही. एक जण सतत अभिनय करतोय आणि दुसरी करायला नकार देतेय, हाच तर त्या घरातला संघर्ष आहे.

प्रभातमधलंच दुसरं उदाहरण घ्या. 'संत तुकाराम'मधली (१९३६) आवली गौरीने केली. एक्स्ट्रा म्हणून काम करणारी बाई. पोर आजारी पडतं तेव्हा ती एका हाताने त्याला ओढत आणि दुसऱ्या हातात वहाण घेऊन देवळात शिरते, देवाला जाब विचारायला. तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस शांतपणे अभंगात बुडालेले, आणि ही बाई घरात दाणा नाही म्हणून आकांत करतेय. त्या आकांतात नाटकाचा लवलेश मला दिसत नाही. व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला तो पागनिसांच्या चेहऱ्यामुळे झाला असं आपण म्हणतो. मला वाटतं, निम्मा आवलीमुळे झाला असावा.

गतीचं फार लांबवत नाही. 'कुंकू' संथ आहे. नको असलेल्या घरात एकेक दिवस ढकलणाऱ्या मुलीची गोष्ट भरभर सांगितली तर तिचे दिवस आपल्याला कळणार कसे, एवढंच म्हणते.

शेवटाच्या बाबतीत मात्र तुमचं पुष्कळसं बरोबर आहे, आणि माझ्या लेखात मी ते नीट लिहायला हवं होतं. नीरा पूर्ण चित्रपटभर 'हे लग्न मी मानत नाही' या एका वाक्यावर उभी राहते. मामाने फसवून गळ्यात बांधलेला नवरा ती नाकारते. अंगचटीला येणाऱ्या सावत्र मुलाला छडीने फोडते. आणि शेवटी तिची सुटका होते ती काकासाहेबांच्या मरणाने. तिने दुसरं लग्न करावं असं चिठ्ठीत लिहून तो आयुष्य संपवतो. मोठेपणा त्याच्या वाट्याला आणि मोकळीक हिला दान म्हणून. मला हे आजही खुपतं. नारायण हरी आपट्यांच्या ज्या कादंबरीवर चित्रपट आधारलाय तिचं नाव 'न पटणारी गोष्ट'. शेवटाकडे येताना ते नाव मला दर वेळी आठवतं.

तरीही मी त्याला पुरोगामी म्हणते, ते कशाच्या तुलनेत ते सांगते. बाला-जरठ विवाहावरचं आपल्याकडचं सगळ्यात गाजलेलं नाटक म्हणजे देवलांचं 'शारदा', १८९९चं. त्यात शारदेची सुटका होते, पण कशी? वर आणि वधू एकाच गोत्राचे निघतात म्हणून. शास्त्रानेच लग्न मोडतं. तिच्या स्वतःच्या हाती उरते ती फक्त नदी, आणि तिथूनही तिला दुसऱ्या कुणाला वाचवावं लागतं. नीरेचं लग्न शास्त्राप्रमाणे बिनचूक लागलेलं आहे. गोत्र ठीक, मुहूर्त ठीक, सप्तपदी ठीक. ते नाकारायला तिच्याकडे स्वतःच्या 'नाही'खेरीज काहीही नाही. अडतीस वर्षांत एवढा फरक पडला. आणि नीरेच्या बाजूने उभी राहणारी काकासाहेबांची विधवा मुलगी केली शकुंतला परांजपे यांनी. ज्या बाईंनी पडद्याबाहेर आयुष्यभर संततिनियमनाचं काम केलं, लोकांच्या शिव्या खात. त्या पडद्यावर वडिलांना सुनावतात तेव्हा तो आवाज उसना वाटत नाही.

नटनट्यांनी काय सोसलं, हा तुमचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. सुवर्णकाळ कुणाचा, हे विचारायलाच हवं. प्रभातमध्ये नट पगारी होते, कराराने बांधलेले. नीरा साकारणाऱ्या शांता आपटे १९३९ साली कंपनीशी करारावरून वाद झाल्यावर प्रभातच्याच फाटकासमोर उपोषणाला बसल्या. पडद्यावर 'नाही' म्हणून टाळ्या घेतलेली बाई प्रत्यक्षातही तेच म्हणाली. पुढच्याच वर्षी त्यांनी 'जाऊ मी सिनेमात?' नावाचं पुस्तक लिहिलं. त्या नावातलं प्रश्नचिन्ह बघा. सिनेमात येऊ पाहणाऱ्या मुलींना हा धंदा आतून कसा आहे हे एका यशाच्या शिखरावरच्या नटीने १९४० साली सांगितलं. आपल्याकडे शांता आपटे म्हटलं की गाणी वाजवतात. उपोषणाबद्दल कुणी बोलत नाही, आणि मीही त्या लेखात बोलले नव्हते. ती चूक माझी.

शांता हुबळीकरांचंही तसंच. 'माणूस'मधली (१९३९) त्यांची मैना 'कशाला उद्याची बात' म्हणते. त्याच ओळीचं नाव त्यांनी म्हातारपणी आत्मचरित्राला दिलं. ते वाचल्यावर मला ते गाणं पूर्वीसारखं ऐकता येत नाही. त्यांचे अखेरचे दिवस वृद्धाश्रमात गेले. हे ठाऊक असूनही, किंवा असल्यामुळेच, मला त्यांचं काम आणखी जपून ठेवावंसं वाटतं. त्यांच्यापाशी दुसरं काही उरलं नाही, आपल्यापाशी निदान ते तरी उरलंय.

'उरलंय' हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश' (१९२५) हा मूकपट आज कुणालाच पाहता येत नाही, कारण त्याची प्रत शिल्लक नाही. तरुण शांतारामांनी त्यात शेतकरी रंगवला होता. त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती जुनी होत गेली की चिकट होते, भुकटी होते, आणि पेटली तर पाण्यानेही विझत नाही. २००३च्या जानेवारीत पुण्यात, प्रभातच्याच जुन्या आवारात, अशा रिळांच्या गोदामाला आग लागली आणि कितीतरी चित्रपटांची मूळ रिळं गेली. त्या बातमीच्या दिवशी मी पुण्यात होते. तुम्ही लिहिलंत की जुनं आपोआप टिकतं, त्याची एवढी काळजी कशाला. नाही हो, आपोआप काहीच टिकत नाही. 'कुंकू' आज तुमच्या मोबाइलवर चाळीस मिनिटं तरी चालला, तो कुणीतरी डबे शोधत, रिळं धूत, प्रती काढत बसलं म्हणून.

आता आजी.

आजीला बिजवराला दिली होती. ती चौदाची, आजोबा छत्तिशीचे, पहिल्या बायकोची दोन मुलं घरात. आजोबा वाईट नव्हते. आईच्या आठवणीत तर ते फार मायाळू होते. आमच्या तालुक्याच्या गावी जत्रेत तंबूतला सिनेमा आला तेव्हा आजीने 'कुंकू' पाहिला, जावेबरोबर, बायकांच्या बाजूला बसून. तोवर चित्रपट जुना झालेला होता आणि तिच्या पदरी दोन लेकरं होती.

मी तिला विचारलं तेव्हा ती सत्तरीच्या पुढे होती. मला वाटलं, नीरेबद्दल काही सांगेल. ती म्हणाली, गोष्ट आता नीट आठवत नाही. येताना दोघी जावा बैलगाडीत एक शब्द बोलल्या नाहीत, एवढं आठवतं. घरी आली तर आजोबा स्टुलावर उभे राहून भिंतीवरच्या घड्याळाला चावी देत होते. रोज रात्री द्यायचे, त्यात नवीन काही नव्हतं. 'पण त्या रात्री,' ती म्हणाली, 'मला त्याचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला. मग किती तरी दिवस येतच राहिला.'